नुसता अवघडलेपणा की गैरवर्तन? कार्यालयातल्या वागण्याविषयी एका प्रश्नाचे उत्तर

प्रश्न थोडक्यात असा आहे. विचारणाऱ्या बाई सुमारे ऐंशी माणसांच्या एका कंपनीत, लेखा विभागात नऊ महिन्यांपासून काम करतात. त्यांचे विभागप्रमुख हिशेब पाहण्याच्या निमित्ताने त्यांच्या खुर्चीमागे येऊन उभे राहतात, एक हात खुर्चीच्या पाठीवर ठेवतात आणि स्क्रीनकडे वाकतात. तो हात आजवर दोनदा खांद्यावर आला आहे. सुरुवातीला 'तुम्ही' म्हणणारे हे गृहस्थ आता 'अगं' म्हणू लागले आहेत. रात्री अकरानंतर 'झोपलीस का?' असा मेसेज येतो, आणि त्याला उत्तर गेले नाही तर दुसऱ्या दिवशी एखादी क्षुल्लक चूक सगळ्यांसमोर काढली जाते. त्याच विभागातल्या एका सहकाऱ्याचा त्रास निराळा आहे. तो बोलताना फार जवळ येतो, टक लावून पाहतो आणि पगार किती, लग्न अजून का केले नाही, असे प्रश्न विचारतो. बाकीचे लोक दोघांविषयीही एकच सांगतात, 'ते तसेच आहेत, पण मनाचे चांगले आहेत.' बाईंनी विचारले आहे की आपण राईचा पर्वत करतो आहोत का, यातले नुसते अवघड वाटणारे वागणे कोणते आणि खरोखर गैर कोणते, आणि आता करायचे काय.

राईचा पर्वत तुम्ही करत नाही. उलट तुमच्या पत्रात सर्वांत गंभीर असलेली गोष्ट तुम्ही जाता जाता, एका अर्ध्या वाक्यात सांगितली आहे. तिच्याकडे मी पुढे येईन. दहा वर्षांहून अधिक काळ मी वेगवेगळ्या आस्थापनांच्या अंतर्गत समित्यांवर, म्हणजे लैंगिक छळाच्या तक्रारींची चौकशी करणाऱ्या समित्यांवर, बाह्य सदस्य म्हणून बसते आहे, आणि आधी हे स्पष्ट करते की चौकशीतला तपशील उघड करायला कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धच्या कायद्याच्या कलम १६ नुसार मनाई असल्यामुळे खाली जी उदाहरणे येतील त्यांतली माणसे, जागा आणि प्रसंगांचे बारकावे मी बदलले आहेत.

तुमच्या प्रश्नाच्या मुळाशी 'त्यांच्या मनात नेमके काय असेल?' हा विचार आहे, आणि तो सर्वांत आधी बाजूला ठेवावा लागेल. समितीपुढे आलेल्या बहुतेक सगळ्या प्रकरणांत तक्रार करणाऱ्या बाईने तक्रारीच्या आधीचे कित्येक महिने समोरच्याच्या मनाचा थांग लावण्यात घालवलेले असतात. घरी, प्रवासात, रात्री झोप लागेपर्यंत एकच हिशेब चालू असतो की त्यांना तसे म्हणायचे होते की नव्हते. चौकशीत तो गृहस्थ 'माझ्या मनात तसे काही नव्हते' असेच सांगतो, आणि माझा अनुभव असा आहे की काही वेळा तो खरेही बोलत असतो. म्हणून मनावर निकाल ठेवता येत नाही. २०१३ च्या याच कायद्यात, ज्याला बोलीभाषेत आपण पॉश कायदा म्हणतो, लैंगिक छळाची व्याख्या समोरच्याच्या हेतूवर उभी केलेलीच नाही. शारीरिक स्पर्श वा जवळीक साधण्याचा प्रयत्न, लैंगिक सुखाची मागणी किंवा विनंती, लैंगिक रोखाची शेरेबाजी, अश्लील साहित्य दाखवणे आणि लैंगिक स्वरूपाचे इतर कोणतेही शारीरिक, शाब्दिक किंवा मूक वर्तन या सगळ्यांना तिथे जोडणारा शब्द एकच आहे : नकोसे. ज्या व्यक्तीला ते सोसावे लागले तिला ते नकोसे होते का, इथून चौकशी सुरू होते.

स्पर्श झालाच पाहिजे असेही नाही. ॲपॅरल एक्स्पोर्ट प्रमोशन कौन्सिलच्या खटल्यात उच्च न्यायालयाने असे मानले होते की अधिकाऱ्याने प्रयत्न केला, प्रत्यक्ष विनयभंग झाला नाही, म्हणून बडतर्फी ही शिक्षा जास्त आहे. सर्वोच्च न्यायालयाने १९९९ मध्ये तो निर्णय फिरवला आणि बडतर्फी कायम केली. हाताखालच्या स्त्रीशी वरिष्ठाने कसे वागले हे पाहताना प्रत्यक्ष स्पर्श झाला की नाही या एकाच तपशिलावर अडून बसता येणार नाही, असे त्या निकालाने सांगितले. तुमच्या विभागातले लोक 'हात तर फक्त दोनदाच लागला' असे म्हणत असतील, तर त्यांना हा खटला माहीत नाही एवढाच त्याचा अर्थ.

हेतू बाजूला ठेवला तर मग पाहायचे काय? मी स्वतः दोन गोष्टी पाहते. पहिली ही की हे वागणे सगळ्यांशी सारखे आहे की माणूस पाहून, वेळ पाहून होते. दुसरी ही की स्पष्ट सांगितल्यावर पुढे काय झाले. ज्याला लोकांत वावरण्याची रीत जमत नाही, त्याचा अवघडलेपणा सगळ्यांवर सारखाच सांडतो. तो बायकांच्या जितक्या जवळ उभा राहतो तितक्याच जवळ पुरुषांच्या उभा राहतो, शिपायाला पगार विचारतो तसाच संचालकांनाही विचारून बसतो आणि स्वतःचे नुकसान करून घेतो. गैरवर्तन करणारा माणूस मात्र हिशेबी असतो, मग तो हिशेब त्याने स्वतःशी कबूल केलेला असो वा नसो. त्याचा हात नव्याने आलेल्या, प्रोबेशनवर असलेल्या मुलीच्या खांद्यावर जातो, पण पंचवीस वर्षे नोकरी झालेल्या बाईंच्या खांद्यावर कधी जात नाही. त्याचे विनोद मोठ्या साहेबांच्या केबिनच्या दाराशी आपोआप थांबतात. जो माणूस आपले वागणे समोरच्याची ताकद पाहून बदलू शकतो, त्याला रीत कळते. म्हणून 'ते तसेच आहेत' या वाक्याला माझा ठरलेला उलटप्रश्न असतो, की ते नेमके कोणाकोणाशी तसे आहेत?

एका चौकशीत हे मला फार जवळून पाहायला मिळाले. साक्षीसाठी आलेल्या एका बाईंना मी विचारले की तुम्हाला स्वतःला काही त्रास झाला का. त्यांनी ठामपणे 'नाही' म्हटले. थोड्या वेळाने आम्ही बसण्याची जागा पाहायला गेलो, तेव्हा त्यांच्या खुर्चीच्या डाव्या बाजूला, येण्याजाण्याच्या वाटेत, कागदांचे तीन जड खोके आणि त्यांवर कचऱ्याची टोपली अशी विचित्र रचना दिसली. ही इथे का, असे विचारल्यावर त्या क्षणभर गप्प राहिल्या आणि मग म्हणाल्या, 'तिथून कोणाला उभे राहता येत नाही.' त्या विभागात पाच बायका होत्या. चौघींच्या खुर्चीच्या त्याच बाजूला काही ना काही ठेवलेले होते : कुंडी, जुना प्रिंटर, फायलींची चळत. कोणी कोणाशी बोलले नव्हते. पाचवी मुलगी नवी होती, तिची बाजू मोकळी होती, आणि तक्रार तिची होती. ज्या गृहस्थांविषयी 'त्यांचा स्वभावच मोकळा आहे' असे चार जण लेखी सांगून गेले होते, त्यांच्या मोकळेपणाचा नकाशा त्या खोक्यांनी काढून ठेवला होता. तुम्हीही एकदा आपल्या विभागात नजर फिरवा. इतर जणी कुठे बसतात, कोणत्या वाटेने जातात आणि कोणत्या वेळी एकटीने थांबायचे टाळतात, हे पाहिले की बरेच समजते.

तुमच्या पत्रातला 'तुम्ही'पासून 'अगं'पर्यंतचा प्रवास मला महत्त्वाचा वाटतो, आणि मराठीत काम करणाऱ्या समित्यांनी याकडे जितके लक्ष द्यावे तितके दिले जात नाही. आपल्या भाषेत माणसांमधले अंतर क्रियापदातच दिसते. 'आज छान दिसताय' आणि 'आज खुलून दिसतेयस' यांत शब्दांपेक्षा प्रत्ययाचा फरक मोठा आहे. अर्थात वयाने मोठी माणसे सगळ्यांनाच अरे-तुरे करतात, काही कार्यालयांत ती पद्धतच असते, आणि तेवढ्यावरून काही ठरवणे अन्यायाचे होईल. पण विभागातल्या इतर स्त्रियांना 'मॅडम' आणि एकीलाच 'अगं', तेही चारचौघांत 'तुम्ही' आणि एकटी असताना किंवा रात्रीच्या मेसेजमध्ये 'तू', असे असेल तर तो सलगीचा एकतर्फी दावा आहे. त्यामुळे तक्रार लिहिताना त्यांची वाक्ये जशीच्या तशी, त्याच मराठीत लिहा. 'त्यांनी माझ्या दिसण्यावर टिप्पणी केली' असे सभ्य भाषांतर केले की वाक्यातला सगळा दंश निघून जातो, आणि इंग्रजीत तक्रार लिहिताना तर 'तू' आणि 'तुम्ही' यांतला फरक उरतच नाही. तक्रार इंग्रजीत द्यावी लागली तरी मूळ वाक्य देवनागरीत लिहून मग त्याचा अर्थ द्यावा.

आता त्या अर्ध्या वाक्याकडे येते. मेसेजला उत्तर दिले नाही की दुसऱ्या दिवशी चूक काढली जाते, असे तुम्ही लिहिले आहे. कायद्याच्या कलम ३ मध्ये ज्या परिस्थिती सांगितल्या आहेत त्यांत कामात झुकते माप देण्याचे उघड किंवा आडवळणाचे आश्वासन, वाईट वागणूक देण्याची धमकी, आताच्या वा पुढच्या नोकरीविषयीची धमकी, कामात ढवळाढवळ किंवा धाक वाटेल असे वातावरण तयार करणे, आणि आरोग्यावर वा सुरक्षिततेवर परिणाम होईल अशी मानहानिकारक वागणूक यांचा समावेश आहे. लैंगिक स्वरूपाच्या वर्तनाला यांपैकी एखादी गोष्ट जोडलेली असेल तर प्रकरणाचे वजन बदलते. अकरा वाजताचा एक मेसेज वेगळा काढला तर कोणीही खांदे उडवील. पण मंगळवारी रात्री मेसेज, उत्तर नाही, बुधवारी सकाळी सर्वांसमोर बोलणी. पुन्हा गुरुवारी मेसेज, उत्तर गेले, शुक्रवारी कौतुक, अशी साखळी तारखांसह समोर ठेवता आली तर खांदे उडवणाऱ्याला उत्तर द्यावे लागते. वेगवेगळ्या वेळी झालेल्या किरकोळ वाटणाऱ्या गोष्टी एकमेकींना कशा जोडलेल्या आहेत हे दाखवणे, हेच अशा तक्रारीतले खरे काम आहे, आणि ते तुमच्याशिवाय दुसरे कोणी करू शकत नाही.

त्यासाठी एक साधी वही करा. कार्यालयाच्या संगणकावर नव्हे, कारण प्रकरण चिघळले तर तो संगणक तुमच्या हाताशी राहीलच असे नाही. प्रत्येक नोंदीत तारीख, वेळ, जागा, कोण हजर होते, काय घडले, कोणते शब्द बोलले गेले आणि तुम्ही काय केले, एवढे असावे. भावना लिहायच्या असतील तर जरूर लिहाव्यात, पण घटनेनंतर आणि वेगळ्या ओळीत. उदाहरणार्थ : 'बुधवार, सकाळी ११.२०. माझी जागा. शेजारच्या दोघी जागेवर. मागून येऊन खुर्चीवर हात ठेवला, मग डाव्या खांद्यावर. म्हणाले, एवढी घाबरतेस काय. मी उठून प्रिंटरकडे गेले. अर्ध्या तासाने सगळ्यांसमोर जीएसटीच्या तक्त्यातली तारीख चुकल्याबद्दल बोलले. ती चूक आदल्या दिवशीच दुरुस्त करून मेल केली होती.' यातले शेवटचे वाक्य सोन्यासारखे आहे, कारण ते तपासून पाहता येते. नोंद त्याच दिवशी करावी. महिन्याभराने एकाच शाईत, एकाच बैठकीत लिहिलेली वही चौकशीत लगेच ओळखू येते. मेसेज फोनमधून पुसू नका. राग आला, किळस आली तरी पुसू नका. स्क्रीनशॉटमध्ये नाव, तारीख आणि आधीचा-नंतरचा संवाद दिसू द्या. मधले तुमचे उत्तर गैरसोयीचे असले, एखादा हसरा चेहरा पाठवलेला असला, तरी तो कापू नका. भीतीपोटी बायका असे चेहरे पाठवतात हे अनुभवी समितीला ठाऊक असते, पण कापलेला स्क्रीनशॉट मात्र कोणालाच माफ करता येत नाही.

यानंतर दुसरी कसोटी, म्हणजे स्पष्ट सांगणे. इथे एक गैरसमज दूर करायला हवा. आधी नाही म्हटले नव्हते म्हणून तक्रार करता येत नाही, असा कोणताही नियम नाही. गंभीर प्रकारांत तर 'आधी त्यांना सांगून पाहा' असा सल्ला देणे हाच बाईवर अन्याय आहे, आणि एकटीने त्यांच्या केबिनमध्ये जाऊन बोलण्याचा सल्ला मी कोणालाच देत नाही. पण तुमच्यासारख्या परिस्थितीत, जिथे सगळे अजून धूसर आहे असे तुम्हाला स्वतःलाच वाटते, तिथे एकदा शब्दांत सांगितल्याने फार मोठा फरक पडतो. सांगण्यापूर्वीचे वागणे अजाणतेपणाच्या खात्यात घालता येते. सांगितल्यानंतरचे घालता येत नाही.

आपल्याकडे वरिष्ठाला असे काही सांगण्याची भाषाच शिकवली जात नाही. आपण हसून टाळतो, फोन आल्याचे नाटक करतो, ओढणी सावरतो, खुर्ची सरकवतो, आणि हे सगळे संकेत समोरच्याला कळले असतील असे मानतो. कळतातही, पण कळले नाहीत असे म्हणण्याची सोय त्याला उरते. म्हणून वाक्य छोटे हवे, त्यात माफी नको आणि कारण तर अजिबात नको. 'सॉरी सर, मला जरा पाठीचा त्रास आहे, म्हणून मागे उभे राहिले की अवघडते' असे म्हटले की ते पाठीवर औषध सुचवतील. त्याऐवजी 'सर, माझ्या खुर्चीला हात लावू नका. फाइल मी तुमच्या टेबलवर आणून दाखवते.' एवढेच पुरे. वाक्यात 'प्लीज' घातल्याने काही बिघडत नाही, पण आवाजात प्रश्नचिन्ह नको. चारचौघांत, नेहमीच्या आवाजात म्हटले तर साक्षीदार आपोआप तयार होतात. मेसेजसाठी तर लेखी उत्तरच उत्तम : 'सर, कामाच्या वेळेनंतर मला वैयक्तिक मेसेज पाठवू नयेत. कामाचे काही असेल तर कार्यालयाच्या ईमेलवर कळवावे, सकाळी आल्यावर पाहीन.' हे उत्तर रात्री न पाठवता दुसऱ्या दिवशी सकाळी कार्यालयात पोहोचल्यावर पाठवा, म्हणजे रात्रीचा संवाद तुमच्याकडून सुरूच होत नाही. या वाक्यात आरोप नाही, त्यामुळे ज्याच्या मनात खरोखर काही नसेल त्याला दुखावण्याचेही कारण नाही. असा माणूस ओशाळतो, दोन दिवस नजर चुकवतो आणि सुधारतो. दुसऱ्या प्रकारचा माणूस चिडतो, 'मी मुलीसारखी समजत होतो' असे म्हणतो, आणि तुमच्या कामात एकाएकी चुका वाढू लागतात. वहीतले पुढचे पान त्यासाठी ठेवा.

तसे झालेच तर किंवा सांगण्याइतकी सुरक्षितता वाटत नसेल तर थेट अंतर्गत समितीकडे जा. दहा किंवा त्याहून अधिक माणसे काम करत असतील तिथे ही समिती असणे बंधनकारक आहे आणि तुमची कंपनी त्यात सहज बसते. वरिष्ठ पदावरची स्त्री समितीची अध्यक्ष असावी लागते, निम्म्याहून कमी स्त्रिया चालत नाहीत, आणि एक सदस्य बाहेरचा असावा लागतो. हा बाहेरचा माणूस कशाला, असे कंपन्या मला तोंडावर विचारतात. त्याचे उत्तर विशाखा निकालात आहे. राजस्थानात बालविवाह रोखण्याचे काम करणाऱ्या भँवरी देवी या साथिनवर (सरकारी कार्यक्रमातल्या गावपातळीवरच्या कार्यकर्तीवर) १९९२ मध्ये सामूहिक बलात्कार झाला. त्यानंतर स्त्री-संघटनांनी केलेल्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने १३ ऑगस्ट १९९७ रोजी मार्गदर्शक तत्त्वे घालून दिली, आणि वरिष्ठांकडून समितीवर दबाव येऊ नये म्हणून त्रयस्थ व्यक्ती हवी, असे त्यांतच लिहिलेले आहे. म्हणजे तुम्हाला आज ज्याची भीती वाटते, ती लक्षात घेऊनच ही खुर्ची मांडली गेली. समितीतल्या कोणाशी बोलावे हे कळत नसेल तर बाह्य सदस्याचे नाव शोधा. समितीच्या सदस्यांची माहिती कार्यालयात ठळक जागी लावलेली असायला हवी, आणि ती नसेल तर ही गोष्टही तक्रारीत नमूद करावी.

मुदत मात्र नीट लक्षात ठेवा. घटनेपासून तीन महिन्यांच्या आत लेखी तक्रार द्यावी लागते. घटनांची मालिका असेल तर शेवटच्या घटनेपासून तीन महिने मोजतात, आणि योग्य कारण असेल तर समिती ते नोंदवून आणखी तीन महिन्यांपर्यंत मुदत वाढवू शकते. तक्रारीच्या सहा प्रती, कागदपत्रे आणि साक्षीदारांची नावे-पत्ते द्यायचे असतात. चौकशी ९० दिवसांत पूर्ण व्हावी, त्यानंतर १० दिवसांत अहवाल द्यावा आणि कंपनीने ६० दिवसांत त्यावर कार्यवाही करावी, असे कायदा सांगतो. प्रत्यक्षात उशीर होतो, हे मी लपवणार नाही. चौकशीत दोन्ही बाजूंना वकील आणता येत नाही, त्यामुळे 'ते मोठा वकील उभा करतील' ही भीती या टप्प्यावर तरी मनातून काढा. खांद्यावर हात ठेवण्यापलीकडे काही घडले तर भारतीय न्याय संहितेच्या कलम ७५ खाली पोलिसांकडेही जाता येते. समितीकडे जाणे आणि पोलिसांकडे जाणे यांतला एकच मार्ग निवडावा लागत नाही.

फार थोड्या जणींना ठाऊक असलेली एक तरतूद तुमच्या नेमकी उपयोगाची आहे. चौकशी चालू असताना तुमच्या लेखी विनंतीवरून समिती अशी शिफारस करू शकते की त्या अधिकाऱ्याने तुमच्या कामाचे मूल्यमापन करू नये, तुमचा गोपनीय अहवाल लिहू नये आणि ते काम दुसऱ्याकडे द्यावे. बदली किंवा तीन महिन्यांपर्यंतची जादा रजा हेही पर्याय आहेत, पण माझे मत असे की रजा आणि बदली शक्यतो तुम्ही मागू नये. बाई रजेवर गेली की दोन आठवड्यांत कार्यालयात गोष्ट पालटते, आणि गैरहजर माणसाच्या बाजूने कोणी बोलत नाही. मूल्यमापनाचा अधिकार काढून घ्या, जागा बदलून मागा, पण टेबल सोडू नका. तब्येत ढासळत असेल तर गोष्ट वेगळी. तेव्हा रजा घ्या आणि डॉक्टरांचे कागद जपून ठेवा.

तक्रार सिद्ध झाली नाही तर उलट आपल्यावरच कारवाई होईल का, हा प्रश्न तुम्ही विचारला नाही, पण तो मनात असणारच, कारण तो सगळ्यांच्या मनात असतो आणि काही जण तो मुद्दाम पेरतात. कलम १४ जाणूनबुजून, द्वेषाने केलेल्या खोट्या तक्रारीसाठी आहे, आणि केवळ आरोप सिद्ध करता आला नाही म्हणून ते लागू होत नाही, असे त्यातच स्पष्ट लिहिले आहे. द्वेष होता हे वेगळी चौकशी करून सिद्ध करावे लागते. सामोपचाराचा मार्गही आहे, पण तो फक्त तक्रारदार बाईने मागितला तर आणि चौकशी सुरू होण्यापूर्वी. त्यात पैशांची देवाणघेवाण चालत नाही. एचआरमधून कोणी 'आपण आपसात मिटवू या' असे म्हणत तुम्हाला खोलीत बसवले तर तो सामोपचार नव्हे. त्या खोलीतून नम्रपणे उठून या आणि झाले ते ईमेलवर लिहून पाठवा.

हा कायदा तक्रारदार म्हणून फक्त स्त्रियांना उपलब्ध आहे. तुमच्या जागी एखादा पुरुष असता तर त्याला कंपनीच्या सेवानियमांचा आधार घ्यावा लागला असता, आणि लैंगिक अंग नसलेल्या छळासाठी, म्हणजे सततचा पाणउतारा, वाळीत टाकणे, मुद्दाम अशक्य कामे देणे यांसाठी, स्त्री असो वा पुरुष, तोच रस्ता आहे. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने २०१९ मध्ये स्वीकारलेल्या १९० क्रमांकाच्या करारात कामाच्या ठिकाणच्या हिंसा आणि छळाची व्याख्या या सगळ्याला कवेत घेते, एकदाच घडलेल्या घटनेलाही. वहीची पद्धत आणि सांगण्याची पद्धत तिथेही हीच.

राहिला तो दुसरा सहकारी. तुम्ही दिलेल्या माहितीवरून तो सगळ्यांच्याच जवळ उभा राहतो, लग्नाचा प्रश्न त्याने विभागातल्या दोन पुरुषांनाही विचारला आहे आणि तुमच्या नोकरीवर त्याची कोणतीही सत्ता नाही. काही माणसांना समोरच्याच्या चेहऱ्यावरची नाराजी वाचता येत नाही; काहींची ती जन्मापासूनची घडण असते. अशांना सूचक हसणे किंवा कपाळाला आठी घालणे पुरत नाही, आणि आपण सूचकपणे वागत राहून मनातल्या मनात त्यांचा राग करत बसतो, हे त्यांच्यावरही थोडे अन्यायाचेच आहे. त्याला सरळ सांगा, 'मी थोडे अंतर ठेवून बोलते, तूही ठेव. आणि पगार, लग्न यांविषयी मला विचारू नकोस.' पुन्हा विसरला तर त्याच शब्दांत पुन्हा सांगा. सवयी एका दिवसात जात नाहीत. सांगितल्यावर तो फक्त तुमच्याभोवतीच घुटमळू लागला, वाट अडवू लागला किंवा बाहेर गाठू लागला, तर त्याच्यासाठीही पहिली कसोटी नव्याने लावा. पण तो दचकला, कानकोंडा झाला आणि दोन पावले मागे सरकला, तर विषय तिथेच सोडून द्या आणि विभागप्रमुखांविषयीच्या तुमच्या वहीत त्याचे नाव येऊ देऊ नका. चौकशीत त्यांचा बचाव बहुधा हाच असेल की या बाईंना सगळेच पुरुष खटकतात.